गंजाला पाणी लागतं

कुठे विमान कोसळलं की वाहिन्यांवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमान किती वर्षांचं होतं? तो ऐकला की मला नासाचं ९२७ क्रमांकाचं विमान आठवतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरालगत डेव्हिस-मॉन्थन हवाई तळ आहे. तिथल्या वाळवंटात निवृत्त विमानांच्या रांगाच्या रांगा उभ्या असतात. त्यात हे विमान १९७२ साली जाऊन बसलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा उडालं. मधे ४१ वर्षं. इतका काळ या तळावर साठवणीत काढून परत उडालेलं विमान त्याआधी एकही नव्हतं.

विमानाची जात डब्ल्यूबी-५७एफ. मूळ घराणं ब्रिटिश कॅनबेराचं. आपल्या हवाई दलाकडेही कॅनबेरा होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून उडून गोव्यातल्या दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते तिनेच, आणि मे २००७ मध्ये ती आपल्याकडून निवृत्त झाली. अमेरिकनांनी या बॉम्बफेक्याचे ६४ फुटांचे पंख थेट १२२ फुटांचे केले आणि त्याला ६० हजार फुटांच्या वर नेलं. अणुचाचण्यांनंतर वरच्या हवेत पसरलेले कण गोळा करणं हे त्याचं तेव्हाचं काम.

आता मुद्दा असा की ४१ वर्षं उघड्यावर पडलेल्या धातूचं झालं काय? ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ असं शाळेपासून ऐकत आलोय, ते अर्धंच खरं आहे. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचे पंख होत नाहीत. म्हणून त्यात तांबं किंवा जस्त मिसळतात. ताकद येते, आणि खोडही त्यातूनच लागते. मिश्रधातूत तांबं जास्त असलेले सूक्ष्म कण जागोजागी राहतात. त्यावर पाण्याची नुसती ओल धरली तरी एक चिमुकला विद्युतघट तयार होतो. तांब्याचा कण होतो कॅथोड, शेजारचं ॲल्युमिनियम ॲनोड, आणि ॲनोड विरघळायला लागतो.

त्या ओलीत मीठ असेल तर विचारूच नका. क्लोराइडचे आयन ऑक्साइडचा थर फोडतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेल्या ॲल्युमिनियमच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल बनतं. धन आयन साठले म्हणून बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. आम्ल वाढलं की विरघळणं वाढतं, ते वाढलं की आम्ल वाढतं. वरून ठिपका दिसतो, आत मात्र खड्डा खोल जात राहतो. पुढे हा गंज स्फटिककणांच्या सीमांवरून आडवा पसरतो. पत्रा लाटून केलेला असल्याने ते कण चपटे झालेले असतात. गंजाचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि मग चिरोट्याचे पदर सुटावेत तसा पत्रा फुगून उलतो. तो पत्रा घासून, रंगवून भागत नाही. कापूनच टाकावा लागतो.

या सगळ्याला लागतं पाणी. टूसॉनला वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस, हवा कोरडी, समुद्र लांब. जमीन इतकी टणक की विमानं फरसबंदीशिवाय उभी राहतात. शिवाय काचा आणि सांधे पांढऱ्या, सोलून काढता येणाऱ्या लेपाने झाकतात, म्हणजे विमानाची आतून भट्टी होत नाही.

दिल्लीचा लोहस्तंभ गंजत नाही यामागे ‘हरवलेलं दिव्य ज्ञान’ असल्याचे निरोप अधूनमधून फिरत असतात. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा छडा कधीच लावला आहे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो, आणि दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते. जमिनीखालच्या, ओलीतल्या भागाला गंज चढलेला आहेच. जुन्या लोहारांचं कौतुक जरूर करावं. त्यासाठी रसायनशास्त्राला रजा द्यायची गरज नाही.

गंजाखेरीज धातूला मारतो तो थकवा. दर उड्डाणाला पंख वाकतात, सरळ होतात, आणि एखादी सूक्ष्म भेग केसभर पुढे सरकते. हा हिशोब फेऱ्यांचा आहे. उभ्या विमानाच्या खात्यात एकही फेरी पडत नाही, म्हणून ९२७ चा थकवा १९७२ सालीच थांबला. आधीच्या भेगा शोधायला भोवरा-प्रवाहाची तपासणी असते. तारेच्या छोट्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून ते पत्र्यावरून फिरवायचं. पत्र्यात प्रवाहाचे भोवरे उठतात, आणि वाटेत भेग आली की ते वळसा घेतात. वेटोळ्याचा विद्युत अवरोध बदलतो, पडद्यावरची रेघ उडी मारते. डोळ्याला तिथे काहीही दिसत नसतं.

कॅलेंडरप्रमाणे म्हातारं होतं ते रबर. उडा किंवा उडू नका, ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या साखळ्या तोडत आणि आडव्या जोडत राहतात. सील, नळ्या आणि तारांची आवरणं कडक होऊन तडकतात. २०११ मध्ये विमान ट्रकवरून कोलोरॅडोला नेऊन सिएरा नेवाडा कॉर्पोरेशनने दोनेक वर्षं त्यावर काम केलं. त्याचं टीएफ३३ इंजिन बी-५२एच बॉम्बफेक्यावरच्या इंजिनाच्याच कुळातलं, म्हणजे सुटे भाग आणि जाणते हात दोन्ही शिल्लक होते. नासाची ९२६ आणि ९२८ ही भावंडंही उडतच होती. हा आधार नसता तर वाळवंटाने राखलेला निरोगी सांगाडा तिथेच राहिला असता.

एवढा खटाटोप करायचं कारण म्हणजे साधारण चार टन उपकरणं घेऊन ६० हजार फुटांवर जाणारी विमानं जगात फारशी नाहीत. २०२२ मध्ये याच जातीचं विमान दक्षिण कोरियातल्या ओसान तळावरून आशियाई मॉन्सूनच्या माथ्यावर गेलं. मॉन्सूनचे ढग जमिनीलगतची हवा उपसून वर नेतात. पूर्व आशियातल्या कारखान्यांतून सुटणारी, हवेत काही महिनेच टिकणारी क्लोरीनयुक्त रसायनं या उपशातून ओझोनच्या थराकडे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पोचताना या मोहिमेला सापडली.