जॅक गाडीबाहेर का आला: हायलिफ्ट जॅक आणि त्याच्या बैठकीची पार्श्वभूमी

थार किंवा जिप्सीच्या स्टेपनीशेजारी, टपावरच्या कॅरियरवर, नाहीतर बोनेटच्या कडेने बसवलेला चार फुटी हायलिफ्ट जॅक आता आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसू लागला आहे. ज्या गाड्या चिखलात कधी उतरत नाहीत त्यांच्यावरही तो दिसतो, हा भाग वेगळा. हा जॅक बाहेरच का टांगावा लागतो आणि त्याच्याभोवती हूक, क्लॅम्प, पट्टे आणि जादा पायांचा एवढा सरंजाम कशामुळे जमला, हे समजून घ्यायचे तर शेतापर्यंत मागे जावे लागते. अवजार गेल्या शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही; बदलली ती त्याच्याखाली आलेली गाडी, आणि बाकी सगळी उपकरणे त्या बदलाची भरपाई म्हणून आली.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमफील्ड या गावी फिलिप जॉन हॅरा यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात १९०५ पासून हा जॅक तयार होऊ लागला. त्याचे गिऱ्हाईक शेतकरी होते. कुंपणाचे कुजलेले खांब जमिनीतून उपटणे, काटेरी तार ताणणे, चिखलात बसलेला गाडा उचलणे ही त्याची रोजची कामे होती, आणि म्हणूनच आजही त्याला बऱ्याच ठिकाणी ‘फार्म जॅक’ म्हणतात. शेतात वापरायचे अवजार असल्यामुळे त्याची लांबी, वजन किंवा ते कोठे ठेवायचे याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. ते गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले तरी चालत असे.

रचना साधी आहे. भोके पाडलेली एक सरळ पोलादी पट्टी, तिच्यावर चढणारी बिडाची यंत्रणा, खाली लहानसा पाया आणि एक लांब दांडा. दांडा खालीवर केला की स्प्रिंगने दाबलेल्या दोन खिळ्या आळीपाळीने भोकांत शिरतात आणि यंत्रणा एकेक भोक वर सरकते. खाली उतरवायचे असेल तर दांडा पट्टीला उभा चिकटवून छोटी खिट्टी पाडावी लागते. इथेच एक मेख आहे: उतरवताना जॅकवर साधारण १५० पौंड, म्हणजे ६८ किलोच्या वर भार असेल तरच यंत्रणा टप्प्याटप्प्याने उतरते, भार त्याहून कमी झाला तर ती एकदम घसरून खाली येते. खिट्टी पाडताना दांडा उभा नसेल तर तो सुटून फटकन वर येतो, आणि त्या रेषेत जबडा किंवा हात असेल तर इजा ठरलेली. या जॅकविषयी जाणकार जे वारंवार बजावतात ते बहुतेक या दांड्यामुळेच. हा जॅक ३६, ४२, ४८ आणि ६० इंच लांबीत मिळतो, त्यातला ४८ इंची जॅक तेरा किलोच्या आसपास भरतो, आणि कंपनीने त्याला आखून दिलेली मर्यादा ४,६६० पौंडांची, म्हणजे सुमारे २,११० किलोंची आहे.

अवजारे गाडीच्या अंगावर बाहेरून बसवण्याची पद्धत मात्र शेतातून आलेली नाही. ती वाळवंटातून आणि युद्धातून आली. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारीने मोहिमा केल्या, तेव्हा मऊ वाळूत रुतलेल्या चाकांखाली घालण्यासाठी तो पोलादी पन्हळ्या बरोबर नेत असे. १९४० मध्ये त्याच्याच पुढाकाराने इजिप्तमध्ये उभ्या राहिलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या शेव्हर्ले ट्रकांवर या पन्हळ्या हौद्याच्या बाहेरच्या बाजूला टांगलेल्या असत. दिवसातून अनेकदा लागणारी वस्तू पेट्रोलच्या डब्यांखाली आणि शिधासामग्रीखाली गाडून ठेवणे परवडणारे नव्हते, एवढे साधे त्यामागचे कारण होते.

त्याच सुमारास अमेरिकी सैन्याच्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांनी ही पद्धत ठरावीक साच्यात बसवली. चालकाच्या बाजूला, दार नसलेल्या पत्र्याच्या खाली, फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी आवळून बसवलेली असे. स्टेपनी आणि वीस लिटरचा जेरीकॅन मागे. सगळ्या जीपांवर जागा एकच, त्यामुळे अंधारात आणि परक्या जीपवरही सैनिकाचा हात नेमका फावड्यावर पडत असे. पुढच्या सगळ्या हौशी जीपवाल्यांनी नकळत याच मांडणीची नक्कल केली. युद्धानंतर विक्रीला निघालेल्या जीपा अमेरिकेत शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी घेतल्या, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यातला जॅक सैन्याच्या मांडणीतल्या गाडीवर चढला तो तिथे. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ मध्ये ‘जीपर्स जॅम्बोरी’ हा जीपवाल्यांचा मेळावा पहिल्यांदा भरला, तोवर जीप हे हौसेचेही वाहन झाले होते.

त्या जीपांना हा जॅक तंतोतंत जुळत असे. पुढे मागे जाड पोलादी पट्टीचा बंपर, त्याच्यामागे थेट चेसिस, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा. जॅकचे नाक, म्हणजे यंत्रणेचा पुढे आलेला उचलणारा भाग, बंपरखाली घालायचे आणि दांडा मारायचा. त्या काळी साध्या अमेरिकी मोटारींबरोबरही बंपरला लावायचा जॅकच मिळत असे. १९७० नंतर बंपरांवर प्लॅस्टिकची आवरणे येऊ लागली, पत्रा पातळ झाला, आणि जॅकचे नाक जिथे टेकवायचे ती जागाच नाहीशी झाली. सस्पेन्शन मोठे आणि लवचीक झाल्यामुळे आणखी एक अडचण वाढली: बंपर दोन फूट उचलला तरी चाक मात्र स्प्रिंगबरोबर खालीच लोंबकळत राही.

जॅकभोवतीची बहुतेक उपकरणे या दोन अडचणींची उत्तरे आहेत. चाकाच्या रिमलाच दोन आकडे अडकवून चाक थेट उचलणारी लिफ्टमेट ही जोडणी स्प्रिंगच्या लोंबकळण्यावरचा उपाय आहे. गाडीच्या कडेने चेसिसला जखडलेली जाड नळी, म्हणजे रॉक स्लायडर, दगडांपासून पत्रा वाचवण्यासाठी आली, पण तिने जॅकला हरवलेली टेकण्याची जागाही परत दिली. मूळ पाया चिखलात सरळ आत जातो, म्हणून त्याखाली ठेवायचा रुंद पाया आला. दांडा पट्टीवर सतत खडखडतो, म्हणून त्याला दाबून धरणारी छोटी रबरी पकड आली. लांबच्या प्रवासात तिचे महत्त्व गाडी चालवणाऱ्यालाच कळते. साखळीच्या आकड्यांचा संच लावून हाच जॅक आडवा धरून हाताने चालवायचा विंच, म्हणजे गाडी ओढून काढण्याचे साधन, म्हणूनही वापरता येतो. मात्र त्यातून गाडी फुटाफुटाने सरकते, आणि दर थोड्या अंतरावर जॅक मोकळा करून पुन्हा बांधावा लागतो.

बैठकीचा, म्हणजे जॅक गाडीवर कुठे आणि कसा बसवायचा हा, प्रश्न निराळा. चार फुटांची वस्तू आजच्या आटोपशीर गाडीच्या डिकीत सरळ मावत नाही. मावली तरी नीट जखडलेली नसेल तर अपघातात तेरा किलोचे लोखंड प्रवाशांच्या डोक्याशी येते. पट्टीला भोके आयतीच असल्यामुळे दोन जाड स्टड, त्यांवर हाताने फिरवायच्या मुठी आणि एक कुलूप एवढ्यात ती बसते, हे खरे आहे. पण ते स्टड कशात रोवायचे यावर सगळे अवलंबून असते. नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला तर काही महिन्यांच्या हादऱ्यांनी भोकाच्या कडेला तडा जातो, म्हणून मागून जाड पट्टी देणे किंवा थेट चेसिसपर्यंत ब्रॅकेट नेणे आवश्यक ठरते. टपावर ठेवला तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, शिवाय रुतलेल्या तिरक्या गाडीवर चढून तो उतरवणे कष्टाचे होते. स्टेपनीच्या दारावर ठेवला तर आधीच जड चाक पेलणाऱ्या बिजागऱ्यांवर आणखी भार येतो. कुठेही बाहेर ठेवला तरी सह्याद्रीतल्या पावसाळ्यात दोन खिळ्यांच्या भोकांत चिखल वाळून घट्ट बसतो, आणि ऐनवेळी स्प्रिंग असूनही खिळी बाहेर येत नाही. यंत्रणेवर घालायची जाड कापडी किंवा रबरी खोळ हा दिखाऊ भाग वाटतो, पण सगळ्या सामानात मला तीच सर्वांत गरजेची वाटते.

आपल्याकडे जीपची परंपरा जुनीच आहे; महिंद्रने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. त्या जीपा खेडोपाडी माणसे आणि माल वाहत, आणि रुतल्या तर पहार, दगड, फळी आणि दहा माणसे हाच जॅक असे. हायलिफ्टची हौस नंतरची, साधारणपणे २०१० मध्ये आलेल्या थारबरोबर आणि २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धांबरोबर वाढलेली आहे. त्या वाढीला कायद्याने मध्येच वळण दिले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीसमोर बसवलेले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे राज्यांना कळवले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरतील असे बदल करता येणार नाहीत, असा निकाल दिला. जॅकच्या ब्रॅकेटचा त्यांत नावानिशी उल्लेख नाही. पण ब्रॅकेट ज्या गार्डवर बसायचे तोच काढावा लागल्यावर पुढची जागा संपली. आता चेसिसच्या किंवा सीटच्या मूळ बोल्टांवर आवळलेले, काढता येणारे ब्रॅकेट मागच्या सीटच्या पाठीशी आडवे बसवणे आणि जॅक खोळीत घालून आतच ठेवणे, हा पर्याय त्यातल्या त्यात सुटसुटीत ठरतो. त्यासाठी ४८ इंचीऐवजी ३६ किंवा ४२ इंची जॅक घ्यावा लागतो, आणि तेवढी उचल मोठी टायर व उंच सस्पेन्शन नसलेल्या गाडीला बहुतेक वेळा पुरते.