नंदादेवी आणि नंदादेवी ईस्ट: नक्की बंद कोणतं शिखर आहे?

नंदादेवी ७८१६ मीटर, पूर्णपणे भारतात असलेलं सगळ्यात उंच शिखर, हे हिमालयात रस असलेल्या कुणालाही पाठ असतं. ईस्ट ७४३४ मीटर. दोघांच्या मधे साधारण २ किलोमीटरची धार. इथपर्यंत कुणाचा गोंधळ नसतो.

गोंधळ पुढे. ईस्टची मोहीम निघाली की हमखास कुणीतरी विचारतं, "नंदादेवी बंद आहे ना, मग यांना परमिट कसं मिळालं?" आणि लगेच वशिल्याची चर्चा सुरू. खरंच चीड येते, कारण नकाशा पाच मिनिटं बघितला तरी उत्तर मिळतं. नंदादेवीच्या भोवती उंच शिखरांचं कडं आहे आणि आतलं पाणी बाहेर पडायला एकच फट, पश्चिमेला ऋषीगंगेची घळ. किल्ल्याच्या भाषेत सांगायचं तर मेन पीक (७८१६ मीटरचं मुख्य शिखर) म्हणजे आतला बालेकिल्ला आणि ईस्ट म्हणजे तटबंदीवरचाच बुरूज. त्यामुळे मेनला जायचं तर आतल्या सँक्च्युरीत, म्हणजे या कड्याने वेढलेल्या खोऱ्यात, शिरावंच लागतं आणि ती १९८३ पासून गिर्यारोहणासाठी बंद आहे, पण ईस्टला बाहेरून, मुनस्यारी-मिलमच्या बाजूने येऊन लाँगस्टाफ कोल या खिंडीवरून दक्षिण धारेने चढता येतं, आत उतरायची गरजच नाही. बंदी आतल्या भागावर आहे, नंदादेवी या नावावर नाही.

इतिहासही वेगवेगळाच आहे. मेनसाठी आत शिरायची वाटच मुळात १९३४ मधे शिप्टन आणि टिलमन या ब्रिटिश गिर्यारोहकांनी तीन शेर्पांसोबत ऋषीगंगेच्या घळीतून शोधली, मग १९३६ ला टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोचले. ईस्ट १९३९ ला पोलिश टीमने केलं, बुयाक आणि क्लार्नर.

आणि प्लीज, "तेनसिंग नंदादेवी चढला होता" असं लिहू नका. १९५१ ला फ्रेंच टीमला मेनवरून ईस्टपर्यंत ती धार पार करायची होती, त्यात दुप्ला आणि विन्य हे दोघं बेपत्ता झाले, आणि त्यांच्या शोधात तेनसिंग आणि द्यूबो ईस्टच्या माथ्यावर गेले. ईस्टच्या! पुढे एव्हरेस्ट करूनही सगळ्यात अवघड चढाई हीच होती असं तेनसिंग सांगायचा, मग तिचं श्रेय भलत्याच शिखराला कशाला द्यायचं? ती धार शेवटी १९७६ मधे भारत-जपान टीमने पार केली.

२०१९ ला आठ जण हिमस्खलनात गेले तेव्हाही बऱ्याच ठिकाणी नुसतं 'नंदादेवीवर' असं छापून आलं. तो अपघात ना मेनवर झाला ना ईस्टवर, ईस्टच्या जवळच्या एका बिननावाच्या शिखरावर झाला.