डेबियन मेंटेनर व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणकप्रणाली. तिच्या अधिकृत भांडारात नवख्याच्या सहीचं पॅकेज (बसवायला तयार केलेलं सॉफ्टवेअर) जात नाही. एखादा डेबियन डेव्हलपर, म्हणजे भांडारात चढवण्याचा पूर्ण अधिकार असलेला सदस्य, ते तपासतो आणि स्वतःच्या सहीनं चढवतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. प्रत्येक आवृत्तीसाठी त्याच्या मागे लागायचं नसेल, तर ‘डेबियन मेंटेनर’, म्हणजे आपली पॅकेजं स्वतःच्या सहीनं चढवू शकणारा, होण्यासाठी अर्ज करावा. ही सोय २००७ सालच्या मतदानातून आली. फी नाही, पदवीची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही.

पात्रता म्हणजे आधी केलेलं काम. एखादं पॅकेज तुम्ही काही काळ नीट सांभाळलेलं असावं आणि ते पाहिलेल्या निदान एका डेव्हलपरनं तुमची शिफारस करावी. त्यामुळे आधी स्पॉन्सरकडून दोन-चार आवृत्त्या जाऊ द्या. घाईनं केलेल्या अर्जाला शिफारस करणारा मिळत नाही.

कागदपत्रांत कागद जवळजवळ नाहीच. खरा दाखला म्हणजे तुमची जीपीजी किल्ली, म्हणजे डिजिटल सही करण्याची संगणकीय किल्ली. ती आरएसए प्रकारची, ४०९६ बिटांची करावी. जुन्या १०२४ बिटांच्या किल्ल्या डेबियननं २०१५ च्या सुरुवातीलाच काढून टाकल्या. या किल्लीवर किमान एका डेव्हलपरची सही लागते, दोन असतील तर उत्तम. सही करणारा समोरासमोर भेटून ओळखपत्र पाहतो, पासपोर्ट न्यावा. २०२३ मध्ये कोचीला डेबकॉन्फ ही डेबियनची वार्षिक परिषद झाली, तशा मेळाव्यात हे काम पटकन होतं. एरवी जवळपासचा डेव्हलपर शोधून चहाला गाठायचं.

आपल्याकडे अडतं ते नावात. पासपोर्टावर वडिलांचं नाव मध्ये, किल्लीवर नुसतं नाव-आडनाव, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) टोपणनाव! किल्ली करतानाच पासपोर्टावरचं नाव घ्या. मग संगणकावर डेवस्क्रिप्ट्स (पॅकेजच्या कामाची साधनं), लिंटियन (चुका शोधणारं) आणि डीपुट-एनजी (पॅकेज चढवणारं) बसवा, आणि शेलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, सेटिंगमध्ये तेच नाव, तोच ईमेल कायमचा लिहून ठेवा. चेंजलॉगमधलं नाव-ईमेल किल्लीशी जुळलं नाही, तर डेबसाइन या पॅकेजवर सही करणाऱ्या साधनाला सही करायला किल्ली सापडत नाही. किल्ली रद्द करण्याचा दाखला छापून कपाटात ठेवा. किल्ली हरवली तर सगळ्या सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतात.

अर्ज डेबियनच्या ‘न्यू मेंबर्स’ संकेतस्थळावर, साल्सा (डेबियनचं कोड ठेवण्याचं संकेतस्थळ) खात्यानं आत जाऊन करायचा. डेबियनचा सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं आणि डेबियनच्या यंत्रांच्या वापराचे नियम मान्य असल्याचं निवेदन किल्लीनं सही करून द्यायचं. ते आधी खरोखर वाचा. परवान्यांवरून पुढे होणारे वाद तिथेच समजतात. शिफारस करणाराही आपलं पत्र सही करूनच देतो.

मंजुरी मिळाली म्हणून सगळं भांडार खुलं होत नाही. ज्या पॅकेजांची परवानगी डेव्हलपर देईल तेवढीच चढवता येतात. अगदी नवं पॅकेज अजूनही स्पॉन्सरकडूनच जातं. आणि किल्लीची मुदत संपायच्या महिनाभर आधी वाढवून डेबियनच्या किल्ली-सर्व्हरवर पाठवा, कारण मान्य किल्ल्यांची तिथली अधिकृत यादी साधारण महिन्यातून एकदाच बदलते.