स्टेअरिंग लूज वाटतंय? ‘टाइट करून द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

दहा-पंधरा वर्षं चाललेली मारुती, इंडिका किंवा सॅन्ट्रो आमच्या पुण्यातल्या गॅरेजमध्ये आली की मागणी ठरलेली असते: ‘स्टेअरिंग लूज झालंय, जरा टाइट करून द्या.’ आम्ही ते लगेच करून देत नाही, आणि मग काउंटरवर वाद होतो. गाडीला पंधरा वर्षं होऊन रिपासिंगला न्यायची असेल तर घाई आणखी वाढते. प्रत्येकाला तेच समजावण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायरची हवा, अलाइनमेंट किंवा चिकटलेला ब्रेक बघायचा. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंगचं काम असतं. लूज म्हणजे स्टेअरिंग फिरतं, पण चाकं लगेच दाद देत नाहीत. गाडी सपाट जागी, चाकं सरळ ठेवून उभी करा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. खिडकीतून हात घालून स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करा आणि पुढच्या टायरकडे बघा. टायर हलण्याआधी स्टेअरिंगची कड साधारण दोन बोटं, म्हणजे 30 मिलिमीटरच्या आसपास सरकत असेल तर छोट्या जुन्या गाडीत आम्ही ते चालवून घेतो. त्याहून जास्त असेल, किंवा पूर्वी नव्हतं आणि महिन्याभरात वाढलं असेल, तर गाडी दाखवा. या छोट्या गाड्यांत स्टेअरिंगचं फिरणं रॅक, म्हणजे दात असलेला आडवा दांडा, चाकांपर्यंत पोचवतो. जिप्सी किंवा जुन्या जीपला रॅक नसतो, स्टेअरिंग बॉक्स (गिअरची बंद पेटी) असतो. त्यात प्ले, म्हणजे हा सैलपणा, थोडा जास्त असतोच.

आता टाइट करण्याविषयी. रॅकच्या हाउसिंगवर एक ॲडजस्टिंग नट असतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि स्प्रिंगपुढे एक गुटका असतो. तो गुटका रॅकला पिनियनवर (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकावर) दाबून धरतो. नट आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, काम पाच मिनिटांचं आणि स्वस्त, म्हणून ते सगळीकडे सर्रास होतं. अडचण अशी की रॅकचे दात सगळीकडे सारखे झिजत नाहीत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे मधले दात झिजतात आणि टोकाचे जवळजवळ नवेच राहतात. मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत नट आवळला तर टोकाकडे रॅक जाम होतो. चौकात वळल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, हाताने परत आणावं लागतं. सिंहगड रोडच्या गर्दीत हे खपून जातं. कात्रजच्या जुन्या घाटात एक वळण संपायच्या आत दुसरं येतं, तिथे हात दुखतात आणि गाडी आपली लाइन सोडते. असा आवळलेला रॅक तसाच चालवला तर दात आणखी खराब होतात. मग ज्या कामात फक्त टाय रॉड एन्ड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) बदलून भागलं असतं, तिथे अख्खा रॅक बदलावा लागतो.

स्टेअरिंग बॉक्सचंही तेच. त्याचा स्क्रू चाकं अगदी सरळ असतानाच सेट करायचा असतो, आणि तोही आधी ड्रॅग लिंकचे (बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) आणि टाय रॉडचे जॉइंट बघून झाल्यावर.

बऱ्याच गाड्यांमध्ये प्ले रॅकमध्ये नसतोच. आमच्याकडे तो शोधायला दोन माणसं लागतात. एक जण आत बसून स्टेअरिंग झटपट थोडंथोडं हलवतो, दुसरा खड्ड्यात उतरून (म्हणजे गॅरेजच्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांनी त्यांचं काम आधीच केलेलं असतं) एकेका जॉइंटवर हात ठेवत जातो. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर असतानाच हे करायचं. ज्या जॉइंटची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मागून येते, तो गेलेला. कधी कॉलमच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) खालचा यूजे क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारा सांधा, गेलेला निघतो. कधी रॅक धरून ठेवणारे रबर बुश सडलेले असतात आणि अख्खा रॅकच बॉडीवर डावा-उजवा सरकतो. हे पावसाळ्यानंतर फार सापडतं. रॅक एन्डचा (रॅकच्या टोकाच्या जॉइंटचा) बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून आत चिखल गेलेला असला तर तो जॉइंट फार दिवस टिकत नाही.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घरी तर नकोच. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि खटखट लागली तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक एन्ड. बारा आणि सहाला लागली तर लोअर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. तेव्हा कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट.

टाय रॉड एन्ड बदलणं मोठं काम नाही. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) असेल तर ठरलेल्या टॉर्कने आवळायचा आणि भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे न्यायचा. भोक जुळवण्यासाठी नट सैल करायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालायची. जुनी वाकवून परत घातलेली पिन दिसली की आम्हाला आधीचं काम कळतं.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. टाय रॉड एन्ड बदलला की टो, म्हणजे पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, बदलतो. जॉइंट लूज असताना केलेलं अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसतं आणि रस्त्यावर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बिघडतं. अलाइनमेंटचे पैसे आधी दुसरीकडे भरून मग आमच्याकडे आलात तर ते पुन्हा करावंच लागतं. त्यावर आमचा काही इलाज नाही.

नाना पेठेतून पार्ट स्वतः आणला तरी आम्ही बसवून देतो, फक्त त्या पार्टची जबाबदारी घेत नाही. आम्ही आणलेल्या पार्टचं बिल आणि काढलेला जुना पार्ट दोन्ही तुमच्या हातात देतो. दोन्ही बाजू एकदम बदलायलाच हव्यात असं आम्ही सांगत नाही. दुसरी बाजू घट्ट असेल तर तिला हात लावत नाही.

तपासणीचे पैसे वेगळे लागतात; काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. शक्यतो स्वतः या आणि खाली वाकून सैल जॉइंट स्वतः हलवून बघा. एखादा जॉइंट निसटायच्या बेतात असेल तर आम्ही गाडी चालवत नेऊ देत नाही. टोइंगच्या गाडीने न्या किंवा इथेच ठेवा. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर एकदा गाडी आणा, नट आणि बूट पुन्हा बघून देतो, त्याचे पैसे नाहीत.

येताना कुठेही रॅक आवळून घेऊ नका, नाहीतर मूळ दोष शोधायला आमचा अर्धा दिवस जातो. रिपासिंगची तारीख असेल तर निदान आठवडाभर आधी या. गुरुवारी गॅरेज बंद असतं.