लाल पडलेल्या फोटोत लाल रंग वाढलेला नसतो

१९७०च्या दशकातले रंगीत फोटो अल्बममध्ये बंद राहूनही लालसर झालेले दिसतात. 'लाली चढलीय, सॉफ्टवेअरमध्ये लाल कमी करा' हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी कितीतरी चांगले फोटो बिघडतात.

रंगीत प्रिंटमध्ये सियान (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा असे तीन डाय, म्हणजे रंगद्रव्यं असतात. त्या काळातल्या बऱ्याच कागदांवर अंधारातही सियान सगळ्यात आधी विरायचा. उरलेले दोन मिळून लाल दिसतात. म्हणजे काही चढलेलं नाही, उडालेलं आहे. (भिंतीवर उजेडात टांगलेल्या फोटोची गोष्ट वेगळी, तिथे अनेकदा मॅजेंटा आधी जातो.)

सियान लाल प्रकाश शोषतो. तो विरला की स्कॅनच्या रेड चॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या लाल रंगाच्या थरात, सावल्याही उजळतात आणि हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ छटा दाखवणारा आलेख) उजवीकडे आक्रसतो. सगळीकडून सारखं लाल वजा केलं, तर पांढरा सदरा निळसर होतो आणि काळे केस तांबूसच राहतात. म्हणून फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या 'लेव्हल्स' या खिडकीत आधी फक्त रेड चॅनल निवडा. डावीकडचा काळा स्लायडर हिस्टोग्राम जिथे सुरू होतो तिथवर आणा, मग मधला हलवा. फोटोशॉपमध्ये हे होतं, मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही होतं.

स्कॅन मात्र १६ बिट टिफ या फाइल प्रकारातच करा. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला उजळपणाच्या २५६च पायऱ्या मिळतात; आक्रसलेला भाग ताणला की चेहऱ्यावर पट्टे उमटतात. सियान पुरताच गेला असेल, तर ताणायला काही उरत नाही. अशा वेळी निगेटिव्ह शोधा आणि तीच स्कॅन करून पाहा.