गावातल्या शाळेत स्क्रीनवरचे पाहुणे: हे सुरू कुठून झालं

झेडपीच्या शाळेतली पोरं प्रोजेक्टरवर एखाद्या शास्त्रज्ञाशी गप्पा मारतायत असा फोटो आता कोणाच्याही व्हॉट्सअपवर येतो, पण यामागची गोष्ट बरीच जुनी आहे.

1975 मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-6 उपग्रहावरून साइट नावाचा प्रयोग केला. 6 राज्यांतल्या साधारण 2,400 गावांत टीव्ही बसवले (यादीत महाराष्ट्र नव्हता), सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वर्षभर चाललं. काम भारी होतं, पण सगळं एकतर्फी, समोरचा बोलणार आणि पोरं ऐकणार, शंका आली तर विचारायची कोणाला? टीव्हीला?

खरी गंमत पुढे शिक्षणात संशोधन करणारे सुगत मित्रा यांच्या प्रयोगांत झाली. 1999 मध्ये दिल्लीत कालकाजीला, पोरांना आपली आपण वापरता यावा म्हणून भिंतीत कॉम्प्युटर बसवणारे तेच हे. नंतर तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावात त्यांनी पोरांसमोर चक्क बायोटेक्नॉलॉजी ठेवली, तीही इंग्रजीत. पोरं आपली आपण थोडंफार शिकली, मग गावातल्याच एका तरुण मुलीला सांगितलं की तू फक्त मागे उभी राहा आणि आजीसारखं कौतुक कर, अरे वा, हे कसं केलंस, मला दाखव ना. तिला त्या विषयातलं काही येत नव्हतं, तरी मार्क वाढले. त्यातूनच 2009 च्या सुमाराला ग्रॅनी क्लाउड आलं, म्हणजे इंग्लंडमधले बरेचसे रिटायर्ड शिक्षक घरून स्काइपवर (व्हिडिओ कॉलचं ॲप) हैदराबादच्या पोरांशी बोलायचे, गोष्टी वाचून दाखवायचे. आता आपल्याकडे सकाळचे 11 वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिकडे पहाटेचे साडेपाच, त्या आज्यांना मानलं पाहिजे! पुढे 2013 चं टेड प्राइझ मिळाल्यावर सुगत मित्रा यांनी पोरांनी आपली आपण शिकावं म्हणून ज्या लॅब काढल्या त्यातली एक आपल्या फलटणला होती.

साधारण ग्रॅनी क्लाउडच्याच काळात स्काइपने शाळांसाठी वेगळी सोय केली आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइपच विकत घेतलं. मिस्टरी स्काइप तेव्हा जोरात होतं, दोन अनोळखी वर्ग समोरासमोर, फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारत समोरचे कुठले ते ओळखायचं. भूगोल असा शिकवला असता तर आम्हीही शिकलो असतो. 2017 मध्ये अमेरिकेत सारा मॅकनल्टी या स्क्विडवर संशोधन करणाऱ्या बाईंनी स्काइप अ सायंटिस्ट काढलं, वर्गाला शास्त्रज्ञ जोडून द्यायचा, लेक्चर शक्यतो नाही, पोरांनी प्रश्न विचारायचे.

आपल्याकडे हा विषय निघाला की परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली झेडपी शाळा, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ, 10 लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या 9 फायनलिस्टना वाटले. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले हे सगळ्यांना माहितीये, पण ते परितेवाडीत बसून परदेशातल्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे हे मला जास्त भारी वाटतं, कारण इथे बाहेरचा पाहुणा म्हणजे आपलाच गावातला मास्तर.

मग लॉकडाऊनमध्ये झूम आणि मीट घराघरात गेलं, कॉल लावणं ही शिकायची गोष्टच राहिली नाही. रेंज आणि लाइट यांचं रडगाणं मात्र तेच. स्काइप स्वतः 5 मे 2025 ला बंद पडलं.