काच नव्हे, जाळी

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकार आणि रेषांनी चित्र रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पांढऱ्या पानावर एक लाल आणि एक निळं वर्तुळ काढा, थोडी एकमेकांवर चढलेली. दोन्हींची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के केली की रंगीत काचेचे दोन तुकडे ठेवल्यासारखं दिसतं. पण खऱ्या काचा एकावर एक धरल्या तर लाल काच निळा प्रकाश अडवते, निळी काच लाल प्रकाश अडवते, आणि पलीकडे जवळजवळ काळोख उरतो. स्क्रीनवर मात्र छान जांभळा रंग मिळतो. कारण व्हेक्टर सॉफ्टवेअरमधली नेहमीची पारदर्शकता ही काच नसतेच. ती जाळी असते.

भोकं वेगळी दिसूच नयेत इतकी बारीक विणलेली लाल जाळी डोळ्यांसमोर आणा. निम्मी जागा धाग्यांनी व्यापलेली, निम्म्या जागेतून खालचं दिसतंय. धाग्यांनी व्यापलेला हा हिस्सा म्हणजे अल्फा. १९७७ च्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांच्या जोडीला हा चौथा आकडा आणला. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्याचं बीजगणित मांडलं. नेहमी लागणारं सूत्र साधं आहे: वरचा रंग गुणिले अल्फा, अधिक खालचा रंग गुणिले एक वजा अल्फा.

यातून दोन गोष्टी निघतात. ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या मिळून १०० टक्के झाकत नाहीत. निम्म्याचं निम्मं, म्हणजे २५ टक्के, खालचं दिसतच राहतं. दुसरं म्हणजे कोण वर, कोण खाली याने रंग बदलतो. निळं वर असेल तर लाल-हिरवा-निळा यांचे आकडे १२८, ६४, १९१ येतात. लाल वर घेतलं तर १९१, ६४, १२८. एक जांभळा निळ्याकडे झुकलेला, दुसरा लालीकडे.

आता खरी गोची. पारदर्शकता नेमकी कोणाला द्यायची? इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरच्या 'फिल अँड स्ट्रोक' पॅनेलमध्ये फिलच्या (आकाराच्या आत भरलेल्या) रंगाचा अल्फा वेगळा, स्ट्रोकचा (आकाराच्या कडेच्या रेषेचा) वेगळा, आणि खाली संपूर्ण वस्तूची ओपॅसिटी आणखी वेगळी. नवख्याला तिन्ही एकच वाटतात. स्ट्रोकची जाडी आकाराच्या हद्दीच्या निम्मी आत आणि निम्मी बाहेर असते. त्यामुळे फिल आणि स्ट्रोक दोन्हींचा अल्फा ५० टक्के केला की कडेचा आतला भाग फिलवर चढतो, बाहेरचा पानावर, आणि कड दुरंगी दिसते. संपूर्ण वस्तूची ओपॅसिटी कमी केली तर आधी सगळं चित्र अपारदर्शक रंगवलं जातं आणि मग त्या तयार चित्राची एकच जाळी होते. कड एकरंगी राहते. ग्रुपचंही, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकारांचंही, तसंच: एकमेकांवर चढलेल्या आकारांचा गडद ठिपका नको असेल, तर आकारांना नव्हे, ग्रुपला ओपॅसिटी द्यावी.

(फिल काढून टाकणं आणि अल्फा शून्य करणं हेही एक नव्हे. दिसायला दोन्ही सारखंच, पण वेबपेजवरच्या एसव्हीजी प्रकारच्या व्हेक्टर चित्रामध्ये शून्य अल्फाचं फिल माउसच्या क्लिकला एरवी प्रतिसाद देतं. काढून टाकलेलं देत नाही.)

जाळीचा हिशेब फसतो तो कडेवर. दोन काळे आकार एकमेकांना अगदी चिकटून आहेत आणि त्यांची सामायिक कड एका पिक्सेलच्या मधून जाते, असं समजा. कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर त्या पिक्सेलवर दोन्ही आकारांना प्रत्येकी ५० टक्के अल्फा देतं. प्रत्यक्षात दोघांनी मिळून पिक्सेल पूर्ण झाकलेला आहे. पण सूत्राला कोणी कुठला अर्धा झाकला हे ठाऊकच नाही. ते पुन्हा निम्म्याचं निम्मं करतं, आणि २५ टक्के पांढरं पान केसासारख्या फिकट रेघेतून डोकावतं.

ईपीएस फाइल उघडल्यावर पारदर्शक आकारांच्या जागी अशा पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं, ते बरेचदा यामुळेच. ईपीएस ज्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईसाठीच्या पान-वर्णन भाषेत लिहिली जाते, त्या पोस्टस्क्रिप्टमध्ये वरचा रंग खालचा सरसकट झाकतो, अर्धवट झाकणं तिथे नाही. पीडीएफमध्ये ती सोय २००१ साली १.४ आवृत्तीत आली. म्हणून ईपीएस करताना पारदर्शक भागाचे अपारदर्शक तुकडे पाडून शेजारी शेजारी मांडले जातात. तुकडे आले की कडा आल्या. झूम वाढवून पाहावं: रेघ जाडच होत नसेल, तर ती चित्रात नाही, फक्त स्क्रीनच्या हिशेबात आहे.